हृदयशूळ : औषधे आणि घरची शुश्रूषा

रात्रीचे अडीच वाजलेले असतात. सत्तरी ओलांडलेले अण्णा झोपेतून एकाएकी उठून बसतात. छातीच्या मध्यभागी कोणी पाटा ठेवल्यासारखे दडपण, डाव्या हाताला जडपणा, कपाळावर घाम. "अगं, संध्याकाळची उसळ बाधली, गॅस आहे," असे ते पत्नीला सांगतात. ती लगबगीने ओवा आणि गरम पाणी आणते. पंधरा मिनिटे अशीच जातात. दुखणे कमी होत नाही, तेव्हा मुलगा व सूनबाई यांना हाक मारली जाते. डॉक्टरांनी "छातीत दुखले तर घ्या" म्हणून दिलेली गोळी कपाटात आहे हे सर्वांना ठाऊक असते; किल्ली कोठे आहे हे मात्र कोणालाच आठवत नाही. अखेर गोळी सापडते, पेलाभर पाण्याबरोबर ती गिळली जाते, आणि कोणीतरी म्हणते, "अण्णा, जरा चार पावले फिरा, म्हणजे मोकळे वाटेल."

थोड्याफार फरकाने हा प्रसंग अनेक घरांत घडतो. त्यात कोणाची माया उणी पडत नाही, औषधही घरात असते. तरी पहिल्या अर्ध्या तासात चार चुका होऊन गेलेल्या असतात. वेळ दवडला गेला, गोळी कुलपात राहिली, जिभेखाली ठेवण्याऐवजी ती गिळली गेली, आणि ज्याने निश्चल बसावे त्याला चालण्यास सांगितले गेले.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर पुस्तक लिहिले. ते प्रशिक्षित परिचारिकांसाठी लिहिलेले नव्हते. ज्यांच्यावर घरातल्या माणसांच्या प्रकृतीची जबाबदारी येऊन पडते अशा सामान्य स्त्रियांसाठी ते होते. रुग्णालयात परिचारिका ज्या गोष्टी शिस्त म्हणून करते, त्यांतील बऱ्याचशा घरी पत्नीला, मुलाला किंवा सुनेला कराव्या लागतात. हृदयशूळाच्या औषधांच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. कारण ही औषधे गुणकारी असली तरी प्रत्येकाची स्वतःची अशी एक छोटी शिस्त आहे, आणि ती मोडली की गुण कमी होतो किंवा अपाय होतो.

दुखणे कशाचे?

हृदय शरीराला रक्त पुरवते, पण ते स्वतःही एक स्नायू आहे आणि त्यालाही रक्तातून प्राणवायू लागतो. तो कोरोनरी नावाच्या धमन्यांतून मिळतो. या धमन्या चरबीच्या थरांनी अरुंद झाल्या की जमा कमी होते. माणूस बसून असेपर्यंत खर्चही कमी असतो, म्हणून हिशेब जुळतो. जिना चढताना, भरपेट जेवून लगेच चालताना, थंड वाऱ्यात किंवा संतापाच्या भरात खर्च वाढतो, जमा मात्र तेवढीच राहते. ही तूट म्हणजेच छातीतील दडपण. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने अठराव्या शतकात या दुखण्याचे वर्णन केले आणि त्याला 'अँजायना पेक्टोरिस' हे नाव दिले. ते वर्णन १७७२ साली प्रसिद्ध झाले. चालताना येणारे आणि थांबताच ओसरणारे दुखणे ही त्याने टिपलेली खूण आजही तितकीच उपयोगी आहे.

अशा ठरावीक श्रमाने येणाऱ्या व विश्रांतीने काही मिनिटांत जाणाऱ्या दुखण्याला स्थिर हृदयशूळ म्हणतात. याउलट दुखणे विश्रांतीतही येऊ लागले, झोपेतून उठवू लागले, पूर्वीपेक्षा वारंवार किंवा अधिक वेळ टिकू लागले, तर तो अस्थिर हृदयशूळ असू शकतो, आणि तो हृदयविकाराच्या झटक्याचा उंबरठा आहे. तेथे घरगुती उपचारांना जागा नाही. वृद्धांमध्ये, स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत फारसे न दुखता केवळ धाप, घाम, जबड्यात किंवा पाठीत कळ, मळमळ, विलक्षण थकवा एवढेच दिसू शकते, हेही ध्यानी असावे. "गॅस झाला" हे निदान घरच्यांनी करू नये; ते ईसीजी पाहून डॉक्टरांनी करावे.

जिभेखालची गोळी

या दुखण्यावरील सर्वात जुने आणि सर्वात जलद औषध नायट्रेट वर्गातील आहे. त्याचा इतिहास चमत्कारिक आहे. १८४७ साली तुरिन येथे अस्कानिओ सोब्रेरो यांनी नायट्रोग्लिसरीन तयार केले आणि जिभेवर थेंबभर घेऊन पाहिले, तेव्हा तीव्र डोकेदुखी झाली. त्याच द्रव्यापासून आल्फ्रेड नोबेल यांनी डायनामाइट बनवले. पुढे १८६७ साली लॉडर ब्रन्टन यांनी अमिल नायट्राइटच्या वाफेने हृदयशूळ शमतो असे दाखवले आणि १८७९ साली विल्यम मरेल यांनी याच कामासाठी नायट्रोग्लिसरीनचा उपयोग प्रसिद्ध केला. आयुष्याच्या अखेरीस हृदयविकाराने ग्रासलेल्या नोबेल यांना डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीनच लिहून दिले होते. हे औषध शरीरात नायट्रिक ऑक्साइड निर्माण करते आणि त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. नायट्रिक ऑक्साइडचे हे कार्य उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल यांच्याच नावाचे पारितोषिक मिळाले.

नीला सैलावल्या की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि त्याच्यावरील भार उतरतो. काही अंशी कोरोनरी धमन्याही रुंदावतात. म्हणजे खर्च घटतो आणि जमाही थोडी वाढते. आपल्याकडे या कामासाठी बहुधा सॉर्बिट्रेट या नावाने ओळखली जाणारी आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटची ५ मिलिग्रॅमची गोळी किंवा नायट्रोग्लिसरीनचा फवारा दिला जातो. तो देण्याची रीत घरातील प्रत्येकाने पाठ करावी.

दुखू लागताच रुग्णाने हातातले काम सोडून बसावे. खुर्ची किंवा पाठीला आधार असलेला पलंग उत्तम. उभे राहू नये, चालू नये. कारण या औषधाने रक्तदाब उतरतो आणि भोवळ येऊन पडण्याचा धोका असतो. गोळी जिभेखाली ठेवून विरघळू द्यावी. तोंड कोरडे असेल तर आधी एक घोट पाणी घेऊन ते ओले करावे, पण गोळी गिळू नये. जिभेखालच्या पातळ त्वचेतून औषध थेट रक्तात जाते. गिळलेली गोळी आधी यकृतातून जाते, तेथे तिचा मोठा भाग निकामी होतो आणि मोलाची मिनिटेही जातात. फवारा असेल तर तो जिभेखाली मारावा, श्वासाबरोबर आत ओढू नये.

त्याच क्षणी घड्याळ पाहावे. गुण सहसा काही मिनिटांत दिसू लागतो. पाच मिनिटे होऊनही दुखणे तसेच असेल किंवा वाढत असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत, डॉक्टरांनी तशी सूचना दिलेली असल्यास, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने दुसरी व तिसरी गोळी देता येते. तिसरीच्या पुढे जाऊ नये. घरी रक्तदाबाचे यंत्र असेल आणि वरचा आकडा ९०च्या खाली असेल, किंवा रुग्ण निस्तेज होऊन डोळ्यांपुढे अंधारी आल्याचे सांगत असेल, तर आणखी गोळी देऊ नये. त्याला आडवे करून पाय उंच ठेवावेत आणि मदत मागवावी. झटक्याचा संशय असल्यास ॲस्पिरिन चावून खाण्यास सांगितले जाते. परंतु ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा पोटातील रक्तस्रावाचा पूर्वेतिहास असलेल्यांना ते चालत नाही, म्हणून आपल्या रुग्णाने काय करावे हे डॉक्टरांना आधीच विचारून लिहून ठेवावे.

गोळीनंतर डोके ठणकणे, चेहरा गरम होणे हे औषध काम करीत असल्याचे लक्षण आहे. तेवढ्यासाठी गोळीची धास्ती घेऊ नये.

एका गोष्टीबद्दल घराघरांत संकोच असतो, पण येथे संकोच जिवावर बेततो. पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेसाठी घेतली जाणारी सिल्डेनाफिल, टाडालाफिल यांसारखी औषधे आणि नायट्रेट एकत्र आल्यास रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर किमान ४८ तास नायट्रेट घेता येत नाही. टाडालाफिल हे प्रोस्टेटच्या त्रासासाठीही दिले जाते. घरच्यांना सांगणे जमत नसेल तर निदान डॉक्टरांना, आणि रुग्णवाहिकेतील व्यक्तीने विचारल्यास तिला, हे स्पष्ट सांगावे.

गोळी कोठे ठेवावी? जेथे अंधारातही हात जाईल तेथे. एक पाकीट उशाशी, एक बाहेर जाताना बरोबर. ती मूळ वेष्टनातच असावी. सुटी करून डबीत टाकू नये. उन्हात तापणाऱ्या गाडीच्या डिकीत ठेवू नये. दर महिन्याच्या एक तारखेला तिची मुदत पाहावी.

दररोजच्या गोळ्या

जिभेखालची गोळी संकटकाळची. संकट येऊच नये म्हणून रोजची औषधे असतात, आणि चुका अधिक तेथेच होतात.

पहिला वर्ग लांब पल्ल्याच्या नायट्रेटचा. डॉक्टर कधीकधी आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट सकाळी ८ वाजता आणि दुपारी ३ वाजता घेण्यास सांगतात. घरातील व्यवस्थित माणसाला हे अडचणीचे वाटते आणि तो परस्पर 'एक सकाळी, एक रात्री' असे वेळापत्रक लावतो. हेतू चांगला, परिणाम वाईट. शरीराला नायट्रेटची चटकन सवय होते, आणि चोवीस तास औषध अंगात राहिले तर ते निष्प्रभ ठरू लागते. म्हणून रोज दहा-बारा तासांचा काळ त्याविना जावा लागतो. नायट्रोग्लिसरीनच्या कारखान्यांतील कामगारांचा अनुभव हेच सांगतो. सोमवारी कामावर येताच त्यांचे डोके दुखे. आठवडाभरात सवय होऊन ते थांबे. आणि सुटीच्या दिवशी द्रव्याचा संपर्क तुटला की काहींच्या छातीत दुखू लागे. त्वचेवर लावायची नायट्रेटची पट्टी रात्री काढून ठेवण्यास सांगतात तीही याचसाठी. पट्टी रोज वेगळ्या जागी, कोरड्या व केस नसलेल्या त्वचेवर लावावी. जुनी काढल्याशिवाय नवी लावू नये. आणखी एक : लांब पल्ल्याची गोळी जिभेखाली ठेवण्यासाठी नसते, आणि ती फोडून, कुटून किंवा चावूनही घेऊ नये. दोन्ही पाकिटांवर मोठ्या अक्षरांत 'दुखल्यास जिभेखाली' आणि 'रोज गिळण्याची' असे मराठीत लिहून ठेवणे हा सोपा उपाय आहे.

दुसरा वर्ग बीटा ब्लॉकरचा. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, बिसोप्रोलोल ही त्यातील परिचित नावे. जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात या वर्गातील प्रोप्रानोलोल विकसित केले. १९८८ सालच्या नोबेल पारितोषिकात या कार्याचा वाटा आहे. ही औषधे हृदयाची गती व जोर कमी करून खर्चाला लगाम घालतात. ती देण्यापूर्वी मनगटावरील नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. ती ५०च्या खाली असेल, किंवा चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावरच पुढची गोळी द्यावी. दमा असलेल्यांनी ती आधीच सांगावी. मधुमेहींमध्ये साखर उतरली की होणारी धडधड व थरथर या औषधाने झाकली जाते; घाम मात्र येतो, तोच इशारा मानावा. सर्वात महत्त्वाचा नियम असा, की हे औषध एकाएकी बंद करू नये. अचानक थांबवल्यास हृदय उसळून वेगाने धावू लागते आणि तीव्र हृदयशूळ, प्रसंगी झटकाही येऊ शकतो. "आता बरे वाटते, मग कशाला?" किंवा "गोळ्या संपल्या, सोमवारी आणू" ही दोन्ही वाक्ये या औषधाला लागू नाहीत.

तिसरा वर्ग कॅल्शियम चॅनल ब्लॉकरचा. ॲम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येऊ शकते. ती पाहून स्वतःहून लघवीची गोळी सुरू करू नये, डॉक्टरांना दाखवावी. व्हेरापामिलने बद्धकोष्ठ होतो. व्हेरापामिल व डिल्टियाझेम दोन्ही नाडी मंद करतात, म्हणून बीटा ब्लॉकरबरोबर ती चालू असल्यास नाडीवर दुप्पट लक्ष हवे. दोन वेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांतून ही जोडी नकळत जमू शकते. याशिवाय निकोरँडिलने तोंडात चिघळणारे व्रण, आयव्हाब्रॅडिनने डोळ्यांपुढे प्रकाशाचे झोत दिसू शकतात. असे काही आढळल्यास औषधाचा संबंध डॉक्टरांना विचारावा.

ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी दुखणे शमवत नाहीत, म्हणून अनेकांना त्या अनावश्यक वाटतात. वस्तुतः रक्ताची गुठळी आणि धमनीतील थर यांवर पहारा ठेवण्याचे काम त्याच करतात. काळी डांबरासारखी शौचास होणे किंवा कारणाविना स्नायू दुखणे लगेच कळवावे. पण गोळी स्वतःच्या मनाने सोडू नये.

उपवास, प्रवास आणि गुडघेदुखी

ज्या घरांत एकासन, उपवास किंवा सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य करण्याचा नियम पाळला जातो, तेथे औषधांचा प्रश्न आधीच सोडवावा लागतो. सलग काही दिवसांच्या उपवासात अन्नाबरोबर गोळ्याही थांबल्या, तर बीटा ब्लॉकर अचानक बंद केल्यासारखेच होते. पाणी कमी पडून रक्तदाब उतरलेला असताना नायट्रेट घेतल्यास भोवळ येण्याचा धोका वाढतो. म्हणून नियम घेण्यापूर्वी पंधरा दिवस डॉक्टरांना त्याचे स्वरूप मोकळेपणाने सांगावे. पुष्कळ औषधांच्या वेळा दिवसाउजेडी बसवता येतात. काही रुग्णांना मात्र उपवास न करण्याचाच सल्ला मिळेल. तो सल्ला रुग्णाने एकट्याने न ऐकता घरच्यांसमवेत ऐकलेला बरा, म्हणजे पुढे कोणी आग्रह करीत नाही.

यात्रेला किंवा लग्नकार्याला जाताना औषधे सामानाच्या मोठ्या पेटीत न ठेवता हातातील पिशवीत असावीत, आणि मुक्कामाच्या दिवसांपेक्षा चार दिवसांची अधिक असावीत. गुडघ्यांसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामकांपासून हृदयरुग्णाने दूर राहावे. ती हृदयाचा धोका वाढवतात, आणि आयबुप्रोफेन ॲस्पिरिनच्या कामातही अडथळा आणते.

या सर्वांसाठी एक वही पुरेशी आहे. पहिल्या पानावर प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा, वेळ व कारण, ॲलर्जी, डॉक्टरांचा आणि १०८ हा क्रमांक. पुढील पानांवर तारखेनिहाय नाडी, रक्तदाब आणि दुखणे आले असल्यास त्याची नोंद : किती वाजता, काय करताना, किती मिनिटे, किती गोळ्या लागल्या. महिन्याला दोन गोळ्या लागत होत्या त्या जागी आठवड्याला दोन लागू लागल्या, तर रुग्णाच्या तोंडी "तसे ठीकच आहे" असले तरी वही खरे ते सांगते. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना या वहीची दोन पाने चटकन पुष्कळ काही सांगून जातात.

आता तीच रात्र पुन्हा डोळ्यांपुढे आणावी. अण्णा उठून बसतात. "गॅस आहे" असे ते म्हणतात, पण पत्नी वाद घालीत नाही. ती त्यांच्या पाठीशी उशा लावते, उशाजवळचे पाकीट उघडून गोळी जिभेखाली ठेवते आणि घड्याळ पाहते. मुलगा रक्तदाब मोजतो. विश्रांतीत, झोपेतून उठवणारे आणि घाम फोडणारे हे दुखणे नेहमीचे नाही हे सूनबाईच्या लक्षात येते, म्हणून पाच मिनिटांचीही वाट न पाहता ती १०८ ला फोन लावते आणि वही पिशवीत घालते. दार उघडे असते, जिन्यातला दिवा लागलेला असतो. अण्णांचा हात पत्नीच्या हातात असतो, आणि तिचे दुसरे बोट त्यांच्या नाडीवर.

पुढचे काम रुग्णालयाचे. घराचे काम तोवर चोख झालेले असते. ही वही आजच सुरू करता येते. तिच्यासाठी दुखणे येण्याची वाट पाहू नये.